बर अध्यक्ष झाला असता तर? एक प्रश्न, दोन वेगळे उद्योग

फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडलाय. अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष थॉमस जेफरसन की अ‍ॅरन बर, हे इथे ठरायचंय. कॅपिटॉल ही संसदेची इमारत अजून अर्धवट आहे आणि मेरीलँडचे प्रतिनिधी जोसेफ निकोल्सन यांना भर तापात खाटेवर घालून सभागृहालगतच्या खोलीत आणलंय. बायको सोबत आहे. मतदानाची फेरी आली की निकोल्सन पडल्यापडल्या जेफरसनच्या नावाचं मत देतात.

ते त्या दिवशी घरीच राहिले असते तर?

असा प्रश्न कुणी काढला की आपल्याकडे ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणून विषय संपवतात. तरी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, यावर तेच लोक रात्र जागवतात, ते सोडा. खरी अडचण अशी की या ‘जर-तर’च्या पोटात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे काउंटरफॅक्च्युअल. मराठीत त्याला प्रतितथ्य म्हणतात, इथे आपण जर-तरची तपासणी म्हणू. दुसरं म्हणजे पर्यायी इतिहास, म्हणजे कथा-कादंबरी, मालिका, व्हिडिओ गेम. दोन्ही एकाच फाट्यावरून निघतात, म्हणून गल्लत होते. तपासणीवाला फाट्यावरून चार पावलं जातो आणि वळून बघतो, की खऱ्या रस्त्याला नेमकं कशानं वळण दिलं. कादंबरीवाला पुढे जाऊन गाव वसवतो.

१८०० ची निवडणूक घेऊन दोन्ही करून बघू.

आधी आकडे. तेव्हा प्रत्येक इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्यानं नेमलेला मतदार, दोन मतं द्यायचा आणि अध्यक्षाचं मत कोणतं, उपाध्यक्षाचं कोणतं, हे वेगळं सांगायची सोय नव्हती. इलेक्टर १३८, म्हणजे बहुमत ७०. जेफरसनना ७३ मतं आणि त्यांच्याच पक्षाच्या अ‍ॅरन बरनाही ७३. जॉन अ‍ॅडम्स ६५, पिंक्नी ६४, जॉन जे १. बरोबरी झाल्यानं निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे माणशी मत नव्हतं, राज्यागणिक एक मत होतं. राज्यं १६, जिंकायला ९ हवीत. ११ फेब्रुवारीपासून ३५ फेऱ्या झाल्या आणि निकाल तोच: जेफरसन ८, बर ६, आणि व्हरमाँट व मेरीलँड आतल्या आत दुभंगलेली. १७ तारखेला ३६ व्या फेरीत फेडरलिस्टांनी (अ‍ॅडम्सचा पक्ष, जो आता बरच्या पाठीशी होता) माघार घेतली आणि जेफरसनना १० राज्यं मिळाली.

आता निकोल्सनना घरी ठेवा. मेरीलँडचे प्रतिनिधी ४–४ असे विभागले होते, ते ४–३ होतात आणि राज्य बरकडे जातं. जेफरसन ८, बर ७. नऊ कुणाकडेच नाहीत. म्हणजे ‘एका तापानं अमेरिकेचा इतिहास बदलला असता’ हे वाक्य कितीही चटकदार असलं तरी हिशोबात बसत नाही. व्हरमाँटचे मॅथ्यू लायनही गैरहजर ठेवले तर ८–८, तरीही बर अध्यक्ष नाही. बरना सहाच्या वर आणखी तीन राज्यं हवी होती, म्हणजे तीन वेगवेगळे अपघात. गंमत म्हणजे हे त्या काळच्या माणसांनाही कळत होतं. डेलावेअरचे एकुलते एक प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी नंतर फेडरलिस्टांचे नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांना लिहिलं, की बरनी एकाला फसवलं असतं आणि दोघांना भुलवलं असतं तर बहुमत त्यांचं होतं. एक अधिक दोन, तीनच.

तपासणी ती हीच. एक बारीक बदल, बाकी सगळं जागच्या जागी आणि मग मोजणी. उत्तर ‘काही फरक पडला नसता’ असं आलं तरी काम झालं, कारण निकोल्सनच्या खाटेला नेमकं किती वजन द्यायचं ते कळलं. कादंबरीवाल्याला मात्र हे उत्तर घेऊन घरीच बसावं लागेल.

तपासणीचा दुसरा नियम जास्त कडक आहे: बदल असा हवा, की त्या लोकांसमोर तो पर्याय खरोखर होता आणि त्याचा कागद आहे. न्यूयॉर्कचं उदाहरण यासाठी फार चांगलं. तिथे इलेक्टर विधिमंडळ निवडायचं आणि १८०० च्या वसंतात बरनी शहरात जबरदस्त बांधणी करून नवं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात आणलं. (हे रिपब्लिकन म्हणजे जेफरसन-बर यांचा पक्ष, आजचा नव्हे.) १२ च्या १२ इलेक्टर जेफरसनकडे जाणार हे दिसताच हॅमिल्टननी ७ मे रोजी राज्यपाल जॉन जे यांना पत्र लिहिलं: जुनं, फेडरलिस्ट बहुमताचं विधिमंडळ ताबडतोब बोलवा आणि इलेक्टर जिल्हावार मतदानानं निवडण्याचा कायदा करून घ्या. जे यांनी त्या पत्रावर शेरा मारला, की हा पक्षाच्या फायद्याचा उपाय आहे आणि तो करणं मला शोभणार नाही. पत्र बाजूला ठेवलं.

जे ‘हो’ म्हणाले असते तर? १२ पैकी फक्त ५ इलेक्टर फिरले तर अ‍ॅडम्स ७०, जेफरसन ६८. बहुमत बरोबर ७०. हा फाटा पक्का: एक माणूस, एक तारीख, एक कागद आणि गरज फक्त पाचांची. पण थांबायचंही इथेच. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळानं आपले ८ इलेक्टर डिसेंबरात निवडले, न्यूयॉर्कचा निकाल माहीत असताना. तो निकाल वेगळा असता तर तिथले लोक तसेच वागले असते का? स्थानिक उमेदवार पिंक्नी शर्यतीत होतेच. म्हणजे दुसऱ्याच पावलाला ‘बाकी सगळं जागच्या जागी’ हे गृहीतक डगमगतं. तिसऱ्या पावलानंतर तुम्ही कादंबरी लिहीत असता, फक्त तसं कबूल करत नसता.

अशी न कबूल केलेली कादंबरी सगळ्यात जास्त दिसते ती ‘तीन-पंचमांश’ कलमाच्या बाबतीत. पाच गुलामांमागे तीन माणसं मोजून दक्षिणेला जास्त जागा आणि त्यामुळे जास्त इलेक्टर मिळत. ती वाढीव मतं काढली तर जेफरसनची डझनभर मतं जातात, आघाडी तर आठचीच होती. जेफरसन कशाच्या बळावर जिंकले हे सांगायला हा हिशोब उत्तम आहे. पण ‘म्हणून अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले असते’ असं त्यातून निघत नाही. ते कलम १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या सौद्याचा भाग होतं. ते काढायचं तर फाटा तेरा वर्षं मागे जातो, आणि त्याशिवाय दक्षिणेनं संविधान मान्य केलं असतं का, इथूनच सगळं नव्यानं मांडावं लागतं.

पर्यायी इतिहासाचे नियम निराळे. तिथे बर अध्यक्ष झाला हे दिलंय. कसा झाला ते एका परिच्छेदात उरका, वाचक हरकत घेणार नाही. तो हरकत घेतो ती पुढे. नवशिक्या लेखकाची ठरलेली चूक म्हणजे आपला बदल सोडून बाकी इतिहास रुळावरून तसाच धावू देणं. बर अध्यक्ष आहे आणि तरी ११ जुलै १८०४ ला वीहॉकेनला हॅमिल्टनशी पिस्तुलाचं द्वंद्व आहेच! खऱ्या इतिहासात ते द्वंद्व पेटलं बर १८०४ मध्ये न्यूयॉर्कच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत उतरले त्या धामधुमीतून. अध्यक्ष असलेला माणूस ती निवडणूक लढवणार नाही. वैर ठेवा, तारीख सोडा.

उलट चूकही होते, म्हणजे सगळंच बदलणं. लुइझियाना (तेव्हाचा अमेरिकेतला फ्रेंच मुलूख) नेपोलियननं १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना विकली, त्यामागे हैतीतलं बंड, डासांनी पसरवलेल्या पिवळ्या तापानं गारद झालेली फौज आणि इंग्लंडशी येऊ घातलेलं युद्ध होतं. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष कोण, यावर त्या डासांचं काहीच अवलंबून नव्हतं. विक्रीचा प्रस्ताव बरच्या टेबलावरही येऊ शकतो. तो काय करतो, तिथे लेखकाचं काम सुरू होतं.

बाकी सामान बारकाव्यांचं, आणि पकडले जातात ते तिथेच. शपथविधी २० जानेवारीला नाही, ४ मार्चला. झेंड्यावर १५ तारे आणि पट्टेही १५. खिशात सरकारी डॉलरच्या नोटा नाहीत. स्पॅनिश चांदीचे डॉलर चालतात, आणि बँकांच्या आपापल्या नोटा.

एकाचा माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवला की घोटाळा. बरनी १७८५ मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेत गुलामांना ताबडतोब मुक्त करण्याची सूचना मांडली होती, हे खरं. कादंबरीला एवढं बी पुरे. पण ‘बर आले असते तर गुलामगिरी लवकर संपली असती’ हे वादात पुरावा म्हणून टाकायचं असेल तर आधी दोन भिंती ओलांडून दाखवा: राज्याच्या आतली गुलामगिरी अध्यक्षाच्या हातात नव्हती, आणि बाहेरून गुलाम आणण्यावर काँग्रेसलाही १८०८ च्या आधी बंदी घालता येत नव्हती.