‘मी फक्त लिंक टाकली’ म्हणून सुटका नाही

टेलिग्रामवर बेटिंग साइटची लिंक टाकायची आणि तिथून कोणी पैसे भरले की कमिशन घ्यायचं. ‘साइट कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरची, खेळणारा दुसराच, आपला काय संबंध?’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशी जाहिरात हा स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करायला मदत केली तरी पुरे. साइट परदेशातून चालते ही सबबही टिकत नाही. सेवा भारतात मिळते, एवढं बस. आणि ‘हा कौशल्याचा खेळ’ हे जुनं पालुपद? पैसे लावून पैसे जिंकायचे असतील, तर हा कायदा कौशल्य आणि नशीब यांत फरकच करत नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर खेळा’ ही तळटीप तर निव्वळ शोभेची.

कमिशनचं लचांड वेगळंच. सट्ट्याचा पैसा खात्यात आला की मनी लाँडरिंगची चौकशी मागे लागू शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वनएक्सबेट या बेटिंग साइटच्या प्रकरणात ईडीने सुरेश रैना आणि शिखर धवन यांची मिळून ११ कोटींहून अधिक रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली, तीही जाहिरातींच्या करारांवरूनच.