ऑब्जेक्ट डिटेक्शन : विद्यार्थी संशोधन आणि एस्केप रूम

चित्रात किंवा व्हिडिओच्या फ्रेममध्ये कोणत्या वस्तू आहेत आणि त्या नेमक्या कुठे आहेत, हे संगणकाने ओळखण्याच्या तंत्राला ऑब्जेक्ट डिटेक्शन किंवा वस्तुशोधन म्हणतात. ‘या फोटोत कप आहे’ हे झाले वर्गीकरण. ‘एक कप टेबलाच्या डाव्या कडेला आहे, दुसरा पुस्तकामागे अर्धा झाकलेला आहे’ हे डिटेक्शन. प्रत्येक वस्तूभोवती एक आयताकृती चौकट, वस्तूचे नाव आणि खात्रीचा आकडा असे त्याचे उत्तर असते.

या क्षेत्राच्या जडणघडणीत विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे. 1966 साली अमेरिकेतील एमआयटीत सीमोर पॅपर्ट यांनी एका उन्हाळ्याचा प्रकल्प आखला. सुट्टीत काम करणाऱ्या मंडळींकडून संगणकाच्या दृष्टीचा बराचसा भाग उभा करून घ्यायचा, आधी चेंडू आणि विटा ओळखायच्या, मग कप आणि अवजारे, असा बेत होता. प्रत्यक्षात त्या कामाला कित्येक दशके लागली. 2005 साली फ्रान्समधील इन्रिया संस्थेत पीएचडी करणाऱ्या नवनीत दलाल यांनी बिल ट्रिग्ज यांच्यासोबत ‘हॉग’ ही पद्धत मांडली. चित्राचे 8×8 पिक्सेलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कडा कोणत्या दिशेला झुकल्या आहेत याची 9 गटांत मोजदाद ठेवायची, एवढीच तिची मूळ कल्पना. पादचारी ओळखण्यात ती इतकी सरस ठरली की पुढची काही वर्षे तीच प्रमाण मानली गेली.

सर्वांत मोठी उडी ‘योलो’ (यू ओन्ली लुक वन्स, म्हणजे ‘एकदाच बघा’) या पद्धतीची. वॉशिंग्टन विद्यापीठातील पीएचडीचे विद्यार्थी जोसेफ रेडमन हे तिचे पहिले लेखक. संतोष दिव्वाला, रॉस गर्शिक आणि अली फरहादी हे सहलेखक. शोधनिबंध 2015 मध्ये ऑनलाइन आला आणि 2016 मध्ये सीव्हीपीआर या संगणकीय दृष्टीवरच्या परिषदेत सादर झाला. त्याआधीच्या ‘आर-सीएनएन’ या पद्धतीत एकेका चित्रातून सुमारे 2,000 तुकडे निवडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासावा लागे. योलोने चित्रावर 7×7 चौकटींची जाळी टाकली आणि सगळी उत्तरे एकाच फेरीत काढली. टायटन एक्स ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला 45 फ्रेम, म्हणजे थेट कॅमेऱ्यासोबत चालण्याइतका वेग. मर्यादाही होती: जाळीच्या एका चौकटीला एकाच प्रकारची वस्तू सांगता येई, त्यामुळे दाटीवाटीतल्या छोट्या वस्तू निसटत. प्रोग्राम सर्वांसाठी खुला होता, म्हणूनच तो जगभरच्या कॉलेज प्रोजेक्टांत पोहोचला.

असे प्रोजेक्ट आजमावायला एस्केप रूम ही उत्तम जागा आहे. खेळाडूंनी एका खोलीत कोडी सोडवत ठरावीक वेळेत, बहुधा 60 मिनिटांत, बाहेर पडायचे, हा खेळ 2007 मध्ये जपानच्या क्योटो शहरात ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ने सुरू केला. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला काय दिसेल याचा नेम नसतो. इथे वस्तू मोजक्या, प्रकाश आपल्या हातात आणि कॅमेऱ्याची जागा पक्की.

रचना साधारण अशी असते. टेबलाच्या वर छताला कॅमेरा, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक) किंवा लॅपटॉप, आणि पुढे रिलेमार्फत, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या स्विचमार्फत, पेटीचे विद्युतचुंबकीय कुलूप. खेळाडूंनी कप, घड्याळ आणि फुलदाणी योग्य क्रमाने मांडली की रिले कुलपाचा वीजपुरवठा तोडतो आणि पेटी उघडते. खरी मेहनत याच्या आधी असते. ‘कोको’ या प्रसिद्ध डेटासेटमधील (नावे लावलेल्या फोटोंच्या संग्रहातील) वस्तूंच्या 80 प्रकारांत कप, घड्याळ, फुलदाणी, कात्री आहेत. किल्ली, कुलूप आणि मेणबत्ती मात्र नाहीत. एस्केप रूमचे अर्धे सामान तेच! त्यामुळे त्या वस्तूंचे फोटो स्वतः काढून, प्रत्येकावर चौकट आखून मॉडेल, म्हणजे वस्तू ओळखणारा प्रोग्राम, नव्याने ट्रेन करावे लागते. फोटो वर्गातल्या ट्यूबलाइटखाली काढले आणि खेळ लाल दिव्यात असला, तर मॉडेल गडबडते. वस्तूवर हात आला की चौकट क्षणभर गायब होते. म्हणून एका फ्रेमवर विसंबायचे नाही. सलग काही फ्रेममध्ये तेच उत्तर आले तरच कुलूप उघडायचे.

वस्तूत चिप बसवता येत असेल आणि ती जागेवर ठेवली की नाही एवढेच पाहायचे असेल, तर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी ओळखली जाणारी चिप) स्वस्तही पडतो आणि जास्त भरवशाचाही असतो. वस्तूंची परस्परांतली मांडणी, दिशा किंवा खेळाडूंच्या हाताची खूण ओळखायची असेल तिथे कॅमेरा खरा कामाचा. हा फरक तपासून मांडणारा विद्यार्थी अहवाल नुसत्या अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी मोलाचा.

खोलीचा बाहेरचा दरवाजा अशा मॉडेलच्या हाती कधीही देऊ नये. 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधील कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागून आत अडकलेल्या 15 वर्षांच्या पाच मुली मरण पावल्या. विद्युतचुंबकीय कुलूप वीज गेली की उघडते, तरीही दाराजवळ हाताने दाबायचे सुटकेचे बटण वेगळे हवेच, आणि ते कुलपाची वीज थेट तोडणारे हवे, संगणकामार्फत नव्हे.

दुसरा प्रश्न खेळाडूंच्या खासगीपणाचा. लष्करी वापर आणि खासगीपणावरील आक्रमण या कारणांनी 2020 मध्ये खुद्द रेडमन यांनी संगणकीय दृष्टीवरचे संशोधन थांबवले. कोड्यासाठी कॅमेऱ्याला फक्त टेबल दिसले तरी पुरते. फ्रेम तिथल्या तिथे तपासून लगेच पुसता येते. चेहरे साठवण्याचे काहीच कारण नसते.