हॉटेले व परमिट रूममधील धूम्रपानबंदी (सांगली–मिरज)

जिथे लोक पैसे देऊन बसून खातात-पितात, अशा जागेत सिगारेट, विडी किंवा हुक्का ओढण्यास कायद्याने केलेली मनाई. सांगलीकडे ‘हॉटेल’ म्हटले की त्यात चहा-भज्यांच्या गाड्यामागच्या दोन बाकड्यांपासून ताट-थाळीच्या वातानुकूलित दालनापर्यंत सगळे येते. बारला मात्र ‘परमिट रूम’ म्हणतात. हा शब्द 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याची देणगी आहे. या कायद्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना लागतो, आणि परवानाधारकाने जिथे बसून प्यायचे ती परमिट रूम. दोन्ही ठिकाणी देशभर 2 ऑक्टोबर 2008 पासून धूम्रपानास बंदी आहे. तरीही बंदी हवी की नको, हा वाद सांगलीत अजून जिवंत आहे, कारण इथल्या बऱ्याच परमिट रूममध्ये ती भिंतीवरच्या पाटीपुरतीच उरली आहे.

बंदीची सुरुवात न्यायालयातून झाली. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास मनाई करणारा आदेश दिला. त्यात नाट्यगृहे, दवाखाने, शाळा-कॉलेजे, ग्रंथालये, न्यायालये, कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने होती. हॉटेले आणि बार यांचे नाव नव्हते. 2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्याने आणि त्याखालच्या 2008 च्या नियमांनी ती उणीव भरून काढली. या नियमांत ‘रेस्टॉरंट’ची व्याख्या मुद्दाम रुंद केली आहे: कॅन्टीन, कॉफी हाऊस, मेजवानीचे हॉल, पब, बार, आणि त्या जागेभोवतीचे मोकळे आवारसुद्धा. शेवटचे चार शब्द सांगलीकरांनी नीट वाचावेत. मिरज रस्त्याला किंवा कोल्हापूरकडे जाताना जी ‘गार्डन’ हॉटेले आहेत, तिथे वेटर सरळ सांगतो, “बाहेर बसा साहेब, बाहेर चालतंय.” गार्डनही हॉटेलचाच भाग असल्याने तिथेही चालत नाही.

मालकावर तीन जबाबदाऱ्या आहेत. दारावर ठळक पाटी लावायची, ती किमान 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच हवी. टेबलावर ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचा नाही. कोणी ओढत असेल तर त्याला थांबवायचे. तक्रार येऊनही दुर्लक्ष केले तर जितके ओढणारे, तितक्या गुन्ह्यांचा दंड मालकाकडून वसूल होऊ शकतो. ओढणाऱ्याला दंड आहे जास्तीत जास्त 200 रुपये. 2003 साली ही रक्कम खिशाला जाणवत असे. आज परमिट रूमच्या बिलात ती चकण्याबरोबर विरघळून जाते.

या नियमांना बगल कशी दिली जाते, हे रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही साध्या परमिट रूममध्ये दिसते. ॲशट्रे नसतो, हे खरे. त्याऐवजी वेटर न सांगता प्लास्टिकचा ग्लास आणून ठेवतो, तळाला बोटभर पाणी. थोटूक त्यात टाकले की चर्र होते आणि पाणी तांबूस पडते. सिगारेट आत मिळत नाही म्हणून पोऱ्या दारातल्या पानपट्टीवर जाऊन दोन सुट्ट्या घेऊन येतो. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून मनाई आहे, म्हणजे एका फेरीत दोन नियम मोडतात. शेजारी ‘फॅमिली रूम’ असते, पण मधली प्लायवूडची फळी छताला टेकलेली नसते. वरच्या हातभर फटीतून धूर निवांत पलीकडे उतरतो, जिथे एखादे लेकरू पापड मोडत बसलेले असते. एसी चालू असेल तर दारे-खिडक्या बंद, आणि तीच हवा फिरून फिरून अंगावर.

या धुराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. ओढणारा जो धूर सोडतो तो एक, आणि झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटच्या जळत्या टोकातून उठतो तो दुसरा. हा दुसरा धूर गाळणीतून गेलेला नसतो आणि कमी तापमानावर जळत असल्याने तितक्याच वजनाच्या पहिल्या धुरापेक्षा जास्त विषारी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दुसऱ्याच्या धुरात श्वास घेणे हे माणसात कर्करोग घडवणारे कारण म्हणून नोंदवले. अमेरिकी सरकारचा प्रमुख आरोग्य अधिकारी, म्हणजे सर्जन जनरल, याच्या 2006 च्या अहवालानुसार अशा धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा हृदयरोगाचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. याच अहवालाने वायुवीजनाची आशाही मोडीत काढली: एकाच इमारतीत ओढणारे-न ओढणारे वेगळे बसवून किंवा पंखे लावून हा धोका संपत नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या हेलेना या छोट्या शहरात 2002 मध्ये सहा महिने अशी बंदी होती. त्या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण इतर वर्षांच्या सरासरी 40 वरून 24 वर आले. आकडे लहान आहेत आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत घट याहून कमी दिसली, पण दिशा तीच राहिली.

धूर सगळ्यात जास्त कोण गिळतो? गिऱ्हाईक दोन तास बसते आणि घरी जाते. वेटर दुपारी अकराला येतो, रात्री बारापर्यंत त्याच हवेत असतो, आणि बऱ्याच ठिकाणी झोपतोही वरच्या खोलीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची पोरे, कर्नाटकातून आलेली माणसे, अलीकडे उत्तरेकडचे कामगार, यांना ‘धूर नको असेल तर दुसरीकडे जा’ असे सांगणे म्हणजे पोट सोडून जा असे सांगणे आहे. आयर्लंडने 29 मार्च 2004 रोजी पबसह सगळ्या कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, देशपातळीवर असे करणारा तो पहिला देश. तिथे कायदा आणला गेला तो कामगारांच्या सुरक्षिततेसाठी. आपल्याकडे चर्चा अडकते ती गिऱ्हाइकाच्या हौसेत आणि मालकाच्या गल्ल्यात. ग्लास उचलणारा हात त्यात कुठेच नसतो. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला पूर्ण बंदी पटते ती याच कारणासाठी.

विरोधकांचे म्हणणे सरसकट झटकून टाकण्याजोगे नाही. सिगारेट विकणे कायदेशीर, सरकार त्यावर कर घेते, सज्ञान माणूस खासगी जागेत पैसे मोजून बसतो, मग आडकाठी का? दारू चालते तर धूर का नाही? याचे उत्तर टेबलावरच आहे: एकाने घेतलेला पेग शेजारच्याच्या पोटात जात नाही, सोडलेला धूर जातो. मालकांची भीती वेगळी, गिऱ्हाईक तुटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये जगभरचे पुरावे तपासून अशा कायद्यांनी हॉटेल-बारच्या एकूण धंद्याला घट होत नाही, असा निष्कर्ष काढला. सांगलीच्या बाबतीत भीती खरी ठरते ती एकाच अवस्थेत, म्हणजे आपण बंद केले आणि समोरच्याने चालू ठेवले तर. बंदी सगळ्यांना सारखी लागली की गिऱ्हाईक तोडून नेणारा कोणी उरत नाही. म्हणून अर्धवट अंमलबजावणी सगळ्यात जास्त नुकसान करते, तेही नियम पाळणाऱ्या मालकाचे.

भागाचा इतिहासही आड येतो. निपाणी-जयसिंगपूर पट्टा विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. कित्येक घरांत तंबाखूच्या पैशावर शिक्षणे झाली आहेत. शिवाय महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा मळून खाणारे कितीतरी अधिक, आणि ही बंदी त्यांना शिवत नाही. दुसरीकडे मिरज ही दवाखान्यांची नगरी. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण इथे येतात. दम लागलेल्या म्हाताऱ्याला दाखवायला आलेले नातेवाईक संध्याकाळी जिथे जेवायला बसतात, तिथल्या हवेत तोच धूर असतो.

कायद्यातच एक पळवाट आहे. तीस खोल्यांचे हॉटेल किंवा तीस आसनांचे रेस्टॉरंट स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवू शकते. त्याला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारे दार, थेट बाहेर हवा फेकणारी यंत्रणा लागते, आणि आत कोणतीही सेवा देता येत नाही. म्हणजे तिथे ग्लासही नेऊन द्यायचा नाही. चौघांची आठ टेबले असली तरी तीस आसने भरतात, त्यामुळे बहुतेक परमिट रूम या सवलतीत बसतात. पण अशी खोली बांधण्याचा खर्च कोण करणार? मग सगळे दालनच धूम्रपान कक्ष होऊन बसते. हुक्क्याच्या बाबतीत राज्याने असा मोकळेपणा ठेवला नाही. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील आगीत 14 जण गेल्यावर 2018 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले, तुरुंगवासाच्या शिक्षेसह. धूम्रपान कक्षाची सवलत काढून दंड 2,000 रुपये करण्याचा मसुदा केंद्राने जानेवारी 2021 मध्ये हरकतींसाठी मांडला होता. त्याचा कायदा झाला नाही.

कर्नाटकाने 2025 मध्ये आपल्यापुरता बदल केला. त्यामुळे मिरजेतून म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेले की सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड 200 ऐवजी 1,000 रुपये होतो, आणि टपरीवर सिगारेट मिळण्याचे वय 18 वरून 21 वर जाते.