दोरावरून उतरणारा डॉक्टर: एका प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावंच्या गावं पाण्यानं वेढली गेली. नौदलाची पथकं बोटींसह विमानानं आली. २०२१ मध्ये पुन्हा महापूर. तेव्हापासून कोल्हापुरात पुराचा विषय निघाला की हेलिकॉप्टरची मागणी ठरलेली. त्यात बसणाऱ्या डॉक्टर-नर्सला काय यायला हवं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

या प्रशिक्षणाची एक मोठी सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. दुसऱ्या महायुद्धात आसामहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेणारी अमेरिकी विमानं वरचेवर कोसळत. २ ऑगस्ट १९४३ रोजी अशाच एका विमानातल्या लोकांनी नागा टेकड्यांच्या जंगलात पॅराशूटनं उड्या टाकल्या. त्यांत एरिक सेव्हराइड हा पत्रकारही होता. काही जण जखमी होते आणि त्यांच्यापर्यंत पोचायला रस्ता नव्हता. तेव्हा डॉन फ्लिकिंजर हा लष्करी डॉक्टर दोन वैद्यकीय सहायकांसह त्याच जंगलात उतरला. जखमी चालण्याजोगे होईपर्यंत तो त्यांच्याजवळ राहिला आणि मग सगळे पायी बाहेर आले. अमेरिकी हवाई दलाच्या पॅरारेस्क्यू (पॅराशूटनं उतरून सुटका करणाऱ्या) शाखेचं मूळ या उडीत मानलं जातं.

हेलिकॉप्टर आलं पुढच्या वर्षी. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात सिकोर्स्कीच्या छोट्या हेलिकॉप्टरनं शत्रूच्या मुलखात अडकलेल्यांना एकेक करून बाहेर काढलं. कोरियाच्या युद्धात तर जखमींचं स्ट्रेचर हेलिकॉप्टरच्या बाहेर, दोन्ही अंगांना बांधत. वाटेत उपचार करायला हातच पोचत नसे. याच युद्धात, मार्च १९५१ मध्ये, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या भारतीय पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स या लष्करी वैद्यकीय पथकाच्या तुकडीनं अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नी इथं उडी घेतली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. व्हिएतनाम युद्धात रुग्ण हेलिकॉप्टरच्या पोटात आला आणि शेजारी वैद्यकीय सहायक बसला. १९७० मध्ये म्युनिकला डॉक्टरसह उडणारी नागरी सेवाही सुरू झाली.

डॉक्टर आत बसला, तशी वेगळ्या शिक्षणाची गरज उघडी पडली. पंख्याच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी, त्यामुळे मॉनिटर आणि डोळे यांच्यावरच भिस्त. उंचीवर हवेचा दाब घटतो, वायू प्रसरण पावतो. छातीच्या पोकळीत हवा साठलेला रुग्ण जमिनीवर ठीक दिसतो आणि वर गेल्यावर अत्यवस्थ होऊ शकतो. दोरावरून उतरणं, हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटलं तर बाहेर निघणं, पायलटशी मोजक्या शब्दांत बोलणं, हे सगळं घोटून घ्यावं लागतं. वरून येणाऱ्या दोराच्या हुकाला तो जमिनीला टेकण्याआधी हात लावला तर स्थिर विजेचा झटका बसतो. एमबीबीएसला हे कुठं शिकवतात?

भारतात हे ज्ञान प्रामुख्यानं सैन्यदलांकडे राहिलं. बंगळूरला हवाई दलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था १९५७ पासून आहे. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात नौदलानं बाळंतपणाच्या बेतात असलेल्या एका बाईला छतावरून वर उचललं. पण त्याआधी एका डॉक्टरला दोरानं खाली सोडून तिची तपासणी करून घेतली होती. त्याच दिवशी ती नौदलाच्या रुग्णालयात बाळंत झाली. नागरी बाजूला ऋषिकेशच्या एम्सनं २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू केली, ती अलीकडची म्हणायची.

कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासून आहे, छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे सीपीआरसारखं रुग्णालय आहे. पुरात पोहून-पोहून तयार झालेले स्वयंसेवकही आहेत. हेलिकॉप्टर मात्र बाहेरूनच येणार, आणि पावसाळी ढग खाली उतरले तर तेही नाही. म्हणून माझ्या मते सुरुवात जमिनीवरच्या भागापासून व्हावी: बोटीतून आलेला रुग्ण स्ट्रेचरवर आवळून बांधणं, कुणाला आधी न्यायचं ते ठरवणं, पत्रे आणि प्लास्टिक उडणार नाही अशी उतरण्याची जागा निवडणं, हेलिकॉप्टरजवळ पायलटच्या नजरेसमोरूनच जाणं. एवढं शिरोळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सलाही मे महिन्यात शिकवता येईल.