टॅपेटमध्ये फट का ठेवतात आणि ती कुठून आली

वागळे इस्टेटला जा नाहीतर तुर्भ्याला, गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इंजिन टिकटिक करतंय, जरा टॅपेट आवळून दे." टॅपेट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग, तो आवळला की त्यातली फट कमी होते. मला ते ऐकून खरंच काळजी वाटते, कारण थोड्या टिकटिकीपेक्षा फट पूर्ण संपणं इंजिनासाठी कितीतरी वाईट.

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप. तिला कॅम, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा, उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. इंजिन तापलं की सगळं फुगतं पण सारखं नाही, व्हॉल्व्हची दांडी वेगळी वाढते, हेड (सिलिंडरवरचं झाकण) वेगळं, म्हणून मध्ये कुठेतरी केसभर जागा सोडावीच लागते. ती नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो ज्या कड्यावर बसतो तिथे) नीट टेकत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडत असतो, ते टेकणं गेलं की तो तापत राहतो, कड जळते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, आणि हे सगळं आवाज न करता.

सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला असायचे, त्यामुळे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह वरून दाबणारी तराजूसारखी दांडी, लागायचाच नाही. १९०८ ला आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तर ॲडजस्टिंग स्क्रूसुद्धा नव्हता, फट कमी झाली की व्हॉल्व्हची दांडी खालून घासून आखूड करायची! त्याच्या आधी, १९०४ मध्ये, बुइकनं मॉडेल बी आणली, त्यात व्हॉल्व्ह डोक्यावर आणि त्यांना दाबायला पुशरॉड (कॅमचा धक्का वर नेणारी कांडी) आणि रॉकर आर्म. इंजिनाला श्वास चांगला मिळायला लागला, ताकद वाढली, पण खालच्या कॅमपासून वरच्या व्हॉल्व्हपर्यंत घासणारे सांधे वाढले आणि फट सेट करणं हे नेहमीचं काम होऊन बसलं. मग ते काम टाळायची धडपड सुरू झाली. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ऑइलच्या दाबावर आपोआप फट भरून काढणारी हायड्रॉलिक यंत्रणा आली, आवाज नाही आणि सेटिंगही नाही, पण महाग गाडीतच.

आपल्याकडे मात्र फट सेट करायचा स्क्रू आणि तो जागेवर धरणारा लॉकनटच खूप वर्षं चालले. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बनायची, १०८९ सीसीचं पुशरॉड इंजिन, आणि ठाण्यातल्या जुन्या मिस्त्रींचा हात त्याच इंजिनावर बसला. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुशरॉड गायब, कॅम थेट हेडमध्ये, पण रॉकरला स्क्रू होताच. यात एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते, थंड इंजिनावर फट ०.१५ मिमीच्या आसपास आणि गरमवर ०.२५ च्या आसपास, म्हणजे तापल्यावर वाढते, कारण ॲल्युमिनियमचं हेड स्टीलच्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुगतं. म्हणूनच इंजिन गरम आहे की थंड हे न बघता फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर सेटिंग चुकणारच.

त्यानंतर इंधन बदललं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये पातळ थर धरायचं, सीट झिजायची नाही. तब्येतीला ते घातकच, म्हणून १९९५ मध्ये आधी चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल, आलं आणि २००० पासून देशभर तेच, जे अगदी योग्य झालं. पण शिशावर विसंबून बनलेल्या जुन्या हेडच्या मऊ सीट झिजायला लागल्या. १९९५ मध्येच मुंबईत सीएनजी पुरवणाऱ्या महानगर गॅसची स्थापना झाली आणि मग हळूहळू टॅक्सी, रिक्षा, घरच्या गाड्या सगळं सीएनजीवर, आज ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, पंपावर लाइन असतेच. सीएनजी कोरडा वायू, त्यात पेट्रोलसारखा ओलावा नाही, त्यामुळे ज्या इंजिनाच्या सीट त्यासाठी कडक केलेल्या नाहीत तिथे व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो. व्हॉल्व्ह आत बसला की दांडीचं टोक रॉकरच्या जवळ येतं, फट कमी होते, टिकटिक बंद होते आणि मालक खूश, पण आतून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या मार्गाला लागलेला असतो.

आताच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तर रॉकरही नाही आणि स्क्रूही नाही, कॅम थेट वाटीसारख्या टॅपेटवर दाबतो आणि फट बदलायची तर मापं घेऊन, कॅमशाफ्ट उतरवून वेगळ्या जाडीची वाटी बसवावी लागते. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतं म्हणून गॅरेजवाले हे काम टाळतात, पण बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत निदान व्हॉल्व्ह कव्हर उघडून थंड इंजिनावर मापं तरी घ्यायला लावा, एक्झॉस्टची आधी.