खर्चाचे भांडवलीकरण

झालेला खर्च त्याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात न टाकता ताळेबंदात स्थिर मालमत्ता म्हणून दाखवणे आणि पुढे वर्षानुवर्षे घसाऱ्याच्या रूपाने नफ्यातून वजा करणे, म्हणजे खर्चाचे भांडवलीकरण. भारतात यंत्रे, इमारती वगैरेंना लेखा मानक १० किंवा, ज्या कंपन्यांना ते लागू आहे त्यांना, इंड एएस १६ (भारतीय लेखा मानक १६) लागते.

यंत्र जागेवर आणून वापरायोग्य करण्यासाठी थेट लागलेला खर्चच मालमत्तेत जातो. समजा, कर वगळून सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्र २० लाखांचे, वाहतूक ४० हजार, पाया १ लाख १० हजार, उभारणी व चाचणी ५० हजार. यंत्रसामग्री खाते २२ लाखांनी नावे (डेबिट) होते. जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळणार असेल तर तो कर किमतीत धरत नाहीत. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर क्रेडिट गमवावे लागते. कामगारांचे प्रशिक्षण, उद्घाटन, मुख्य कार्यालयाचा प्रशासकीय खर्च हे सारे यंत्र सुरू होण्याआधीचे असले तरी महसुलीच, म्हणजे त्याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात जाणारे.

कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट २ मध्ये सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे आहे. ५ टक्के अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) सोडल्यास उरतात २० लाख ९० हजार. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखाच, वर्षाला सुमारे १ लाख ३९ हजार ३३३ रुपये घसारा. वर्षभर दोन पाळ्या चालल्या तर तो दीडपट, म्हणजे २ लाख ९ हजार. प्राप्तिकराचा घसारा निराळा, त्याचा तक्ता स्वतंत्र ठेवावा लागतो.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. यंत्र तयार असूनही ऑर्डर नाही म्हणून ते ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या खात्यातच पडून राहते. घसारा मात्र यंत्र वापरायोग्य झाल्यापासून सुरू व्हायला हवा, पहिल्या उत्पादनापासून नव्हे. दुसरी चूक दुरुस्तीत. तेल, पट्टे, नेहमीची देखभाल महसुली. पण मोठा भाग बदलून नवा मालमत्तेत चढवला, तर जुन्याची उरलेली पुस्तकी किंमत (घसारा वजा जाता खात्यात राहिलेली) काढून टाकावी लागते. हे हमखास राहून जाते.

मुद्दाम केलेला गैरवापर कुठवर जातो ते अमेरिकेतील वर्ल्डकॉमने दाखवले. इतर कंपन्यांच्या दूरध्वनी वाहिन्या वापरल्याबद्दल द्यायचे शुल्क, म्हणजे निव्वळ चालू खर्च, मालमत्ता म्हणून नोंदवून नफा फुगवला होता. जून २००२ मध्ये कंपनीने जाहीर केलेला आकडा ३.८ अब्ज डॉलरांहून अधिक होता. छोट्या धंद्यात कल नेमका उलटा असतो: कर वाचवण्यासाठी लॅपटॉपही कार्यालयीन खर्चात घुसवला जातो. म्हणून लेखापरीक्षक दुरुस्ती खाते आणि मालमत्ता नोंदवहीतील नवी भर, दोन्ही मूळ बिलांशी ताडून पाहतात.