होळीच्या आधी मोजलेलं गाव

धडगाव तालुक्यातलं एखादं लहान गाव जनगणनेच्या तक्त्यात शोधा. एक ओळ सापडेल: घरं इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, ० ते ६ वयाची मुलं इतकी, अनुसूचित जमातीची माणसं इतकी. नंदुरबार जिल्ह्यात २०११ला दर शंभरांत सुमारे ६९ माणसं आदिवासी होती. धडगावकडच्या डोंगरात तर बहुतेक गावांच्या ओळीत एकूण लोकसंख्या आणि जमातीचा आकडा जवळजवळ सारखाच दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं, गाव एकजिनसी आहे.

तसं ते नसतं. गावाचं नाव एक, पण पाडे चार-पाच, मधे नाला नाहीतर टेकडी. एका पाड्यात पावरा, दुसऱ्यात वसावे-पाडवी. बोली वेगळी, सोयरिकी वेगळ्या. गावाच्या ओळीत जमातीचं नावच नसतं. जिल्ह्याच्या तक्त्यात ते येतं, पण राज्याच्या अनुसूचित यादीत भिल्ल, तडवी भिल्ल, पावरा, वसावे हे सगळे एकाच नोंदीत बसवलेले आहेत. मावची-गावित आणि कोकणी यांच्या नोंदी मात्र स्वतंत्र.

आता मुलांचा आकडा घ्या. समजा गाव २०० माणसांचं, त्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं ४०: २२ मुलगे, १८ मुली. दर हजार मुलग्यांमागे ८१८ मुली. चिंता वाटावी असाच आकडा! पण एका झोळीत मुलाऐवजी मुलगी असती, तर २१ आणि १९, म्हणजे थेट ९०५. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. निसर्गतःच मुलगे किंचित जास्त जन्मतात, त्यामुळे ४० मुलांत २२ किंवा जास्त मुलगे असणं अशा तीन गावांपैकी साधारण एकात नुसत्या योगायोगानेही घडतं. एवढ्याशा गावाचं लिंगगुणोत्तर छापून मथळा करणाऱ्यांनी आधी नाणं चाळीस वेळा उडवून पाहावं.

साक्षरतेचंही तेच. ती सात वर्षांवरच्यांतच मोजतात. वरच्या गावात ८० साक्षर असतील, तर दर ८० भागिले १६०, म्हणजे ५० टक्के. चिल्लीपिल्ली भाजकात धरली, तर तोच दर ४०वर येतो.

पण मला सगळ्यात खटकतो तो महिना. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, १ ते ५ मार्चला फेरतपासणी. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी तेव्हा कोयता घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात असतात. गावात कुडाच्या दाराला दोरी बांधलेली, अंगणात शेळ्या आणि एखादी म्हातारी. नियम असा की मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर, तो जिथे सापडेल तिथला. म्हणजे तो उसाच्या फडावरच्या पालात मोजला गेला तर तिथला, आणि तिथेही राहून गेला तर कुठलाच नाही. मागे उरलेल्या गावात म्हातारे आणि मुलं प्रमाणाबाहेर जास्त दिसतात, कमावत्या वयाची माणसं कमी.

ही माणसं परततात ती होळीला. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतो, आणि गाव पुन्हा भरतं. २०११ला होळी पेटली १९ मार्चला. फेरतपासणी संपून दोन आठवडे झाले होते.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या वर्षीही होळी मार्चच्या उत्तरार्धातच येते.